होलिकेचा शेला : आगीआधीचे छत्तीस तास

पुढचा घटनाक्रम मी रचलेला आहे. त्यातलं गाव, त्यातला पोरगा आणि ती रात्र कल्पनेतली आहे. पण देवीच्या, रामाच्या, नरसिंहाच्या सोंगांसाठी हौसेनं कपडे शिवणाऱ्या बायकांमध्ये मी बरीच वर्षं बसत आले आहे, आणि यातली बहुतेक प्रत्येक गोष्ट कुणी ना कुणी करताना मी पाहिली आहे. त्या सगळ्या एकाच रात्री जुळून आल्या नाहीत, एवढंच. नंदुरबार जिल्ह्यातल्या आदिवासी समाजाचा होळी हा वर्षाचा सर्वांत मोठा सण, आणि सपाटीवरच्या गावांतही त्याची धामधूम तेवढीच. या सणात आग, कापड आणि माणूस एकमेकांच्या फार जवळ येतात. म्हणून हे होळीआधी लिहायला हवं होतं.

गाव समजा प्रकाशाच्या आसपासचं, तापीकाठचं. नाटक प्रल्हादाचं. गावची होळी पेटल्यावर रात्री नऊला सुरू होणार. आग ९ वाजून ४० मिनिटांनी लागते.

आदल्या दिवशी, सकाळी १० (आगीला ३५ तास ४० मिनिटं)

समाजमंदिरात शिलाई मशिनं येतात. शिवायला बसणाऱ्यांपैकी कुणी घरी ब्लाउज शिवते, कुणी आयटीआयचा शिवणवर्ग केलाय, कुणाला फक्त हूक लावणं आणि तुरपाई येते. गावातल्या शिंप्याकडे हे काम न्यायचं कुणाच्या मनातही आलेलं नाही. होळीआधीच्या आठवड्यात धडगावकडे भोंगऱ्या बाजार भरतो, सपाटीवरही नव्या कपड्यांची झुंबड असते. शिंप्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. शिवाय देवाचं काम. त्याची शिलाई मागायची कुणी आणि द्यायची कुणी? म्हणून या बायका, सकाळचा स्वयंपाक आटोपून, पोरांना शाळेत धाडून.

कापडाची गोणी उघडते. मंडळाच्या एका हितचिंतकानं सुरतेहून पाठवली आहे, फुकट. सुरत इथून रेल्वेनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत यावं इतकी जवळ, आणि कृत्रिम कापडाचं देशातलं सर्वांत मोठं केंद्र. गोणीत निघतं चकाकणारं सॅटिन, नायलॉनची नेट आणि सोनेरी लेस, जिच्या जरीत धातू नावापुरता आणि प्लास्टिकच जास्त. सुती त्यात काहीच नाही. फुकट आलेलं कापड कशाचं आहे हे विचारायचा आपल्याकडे रिवाज नाही. दात्याचा अपमान होतो.

एक काकू म्हणतात, राक्षसांची वस्त्रं तरी मांजरपाटाची करू, रंगवून घेऊ. उत्तर येतं, त्याला चमक नाही, लांबून उठून दिसत नाही.

हे उत्तर दीडशे वर्षांहून जुनं आहे. पॅरिसच्या ऑपेरात तेव्हा गॅसचे दिवे होते आणि नर्तकींचे घागरे दिव्यांना लागून पेटत. १८५९ मध्ये बादशाही हुकूम निघाला की रंगमंचावरचे कपडे ज्वालारोधक द्रावणात बुडवूनच वापरायचे. त्या द्रावणानं कापड ताठ आणि मळकट दिसे. एम्मा लिव्री या तरुण नर्तकीनं ते नाकारलं. १५ नोव्हेंबर १८६२ ला तालमीत तिचा घागरा पेटला. तेव्हा ती वीस वर्षांची होती. आठ महिने वेदना सोसून जुलै १८६३ मध्ये ती गेली. चमक हवी हा हट्ट तिचा एकटीचा नव्हता. प्रेक्षकांना तीच हवी असते आणि शिवणाऱ्यांनाही.

दुपारी ३ (३० तास ४० मिनिटं)

कापणी चालू आहे. मापं नाहीत. नाटकातली निम्मी पोरं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली, होळीसाठी आज रात्री गावात उतरतील. कुणाचं माप भावाच्या शर्टावरून घेतलंय, कुणाचं फोनवर विचारून. चूक झाली तर ढगळ होऊ दे, आखूड नको, म्हणून सगळ्या अंगरख्यांना चार बोटं जास्त घेर ठेवतात. शिवणाऱ्या माणसाचं हे शहाणपणच आहे. पण ढगळ कपड्याखाली हवा खेळते, बाही लोंबते, घेर चालताना मागे राहतो. अंग कुठे आहे हे माहीत असतं, कापडाची कड कुठे पोचली हे कळत नाही.

कोपऱ्यात एक मुलगी मेणबत्ती लावून बसली आहे. लेसची कापलेली टोकं उसवू नयेत म्हणून ती एकेक टोक ज्योतीजवळ नेते. टोक आक्रसतं, वितळतं, काळा टणक मणी होतो. एकदा तो मणी तिच्या बोटाला लागतो, चिकटतो, ओढून काढावा लागतो. ती बोट तोंडात घालते आणि पुढचं टोक उचलते.

या खोलीतल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. कृत्रिम कापड ओळखायची हीच तर रीत: सूत जाळलं तर राख होते, कागद जळाल्याचा वास येतो, पॉलिस्टर जाळलं तर गोळी होते. पॉलिस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळतं, नायलॉनचे काही प्रकार त्याच्याही आधी. वितळलेला रस कातडीवर बसला की निघत नाही, आणि निघेपर्यंत भाजत राहतो. सुती कापड निर्धोक असतं असं मी म्हणणार नाही. तेही पेटतं, पातळ मलमल तर झपाट्यानं. पण ते अंगाला चिकटून बसत नाही, झटकता येतं, विझवता येतं. सूत आणि पॉलिस्टर यांचं मिश्रण मात्र दोघांपेक्षा वाईट ठरू शकतं: जळत्या सुताचा सांगाडा वितळलेल्या पॉलिस्टरला गळून पडू देत नाही, धरून ठेवतो. हे सगळं ज्ञान त्या मुलीच्या बोटावर आहे. स्टेजवरच्या आगीशी त्याचा संबंध जोडायला मात्र त्या खोलीत कुणाला फुरसत नाही.

रात्री ११ (२२ तास ४० मिनिटं)

जीप येतात. पोरं उतरतात, अंगाला उसाच्या फडाचा आणि प्रवासाचा धुरळा. तशाच अवस्थेत कपडे अंगाला लावून बघतात. होलिका करणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा, हसतमुख, मिसरूड नुकती फुटलेली. त्याच्यावर सॅटिनची घागरा-चोळी छान बसते, पाठीत मात्र अपुरी पडते.

मग शेला. होलिकेला अग्नीपासून अभय होतं ही गोष्ट आपण सांगतो. काही ठिकाणी सांगतात की ते अभय तिच्या वस्त्रात होतं, आणि वाऱ्यानं ते वस्त्र उडून प्रल्हादाच्या अंगावर पडलं. दिग्दर्शकदादांना नेमका हाच प्रसंग दाखवायचा आहे. होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन बसणार, शेला दोघांच्या अंगावरून खाली रुळणार, आणि मग तो उडणार. दादांनी बारकाईनं विचार केला आहे, पोरांना महिनाभर फोनवर संवाद पाठ करून घेतले आहेत. नेटचा एकच पन्हा पुरणार नाही. दोन पन्हे जोडायचे ठरतं.

दोन पन्हे नेट म्हणजे नुसत्या हवेत ताणलेला धागा. धागा बारीक, चहूबाजूंनी हवा. आगीला याहून सोयीचं काय हवं?

होळीची सकाळ, ८ (१३ तास ४० मिनिटं)

हूक संपले. होलिकेची चोळी पाठीत अपुरी पडली होती, तिला पट्टी जोडून हूक लावायचे होते. गावातल्या दुकानात नाहीत, शहाद्याला जायला आज कुणी मोकळं नाही, घरोघर पुरणाची डाळ चुलीवर चढली आहे. एक बाई तोडगा सुचवते: ऐन वेळी पोराला चोळी चढवू आणि पाठ कच्च्या दोऱ्यानं टाचून टाकू. घागराही चोळीलाच टाचला तर नाचताना सरकणार नाही.

“ऱ्हाऊ दे व माय, इतलं चाली जाई,” कुणीतरी म्हणतं, आणि सगळ्यांना सुटल्यासारखं होतं.

नटाला कपड्यात शिवून टाकणं हा हौशी रंगभूमीचा नेहमीचा उपाय आहे. गॅदरिंगला, दशावताराला, देखाव्याला, सगळीकडे मी तो पाहिला आहे. शिवणाऱ्याच्या नजरेतून तो नामी आहे: कपडा अंगासरशी बसतो आणि प्रयोग संपल्यावर कात्रीनं दोन मिनिटांत सुटतो. या घटनाक्रमात सर्वांत महाग पडणारा निर्णय तोच. अंगावरचा कपडा एका हिसक्यात निघायला हवा, ही रंगमंचावरच्या कपड्याची पहिली अट मला वाटते, शोभा तिच्यानंतर.

दुपारी ४.३० (५ तास १० मिनिटं)

रंगीत तालीम. स्टेजवरची होळी उत्तम जमली आहे. लाकडांच्या मोळीत टेबलफॅन उताणा ठेवलाय, त्याच्या जाळीला लाल-पिवळ्या जिलेटिनच्या पट्ट्या बांधल्यात, खालून लाल बल्ब. पंखा सुरू झाला की पट्ट्या फडफडतात आणि लांबून खरोखर ज्वाळा वाटतात. बायका कामं टाकून बघायला येतात. शेला पंख्याच्या वाऱ्यानं आपोआप उचलला जातो आणि प्रल्हाद झालेल्या नऊ वर्षांच्या पोराच्या डोक्यावर अलगद पडतो. सगळे टाळ्या वाजवतात. दादांच्या डोळ्यांत पाणी येतं.

इथे नाटक थांबलं असतं आणि रात्री असंच झालं असतं, तर नेट, सॅटिन, कच्चे टाके, सगळं खपून गेलं असतं. दरवर्षी खपतंच.

स्टेजवर मांडव आहे, तोही चकचकीत कृत्रिम कापडाचा, आणि प्रेक्षकांत यायला-जायला एकच वाट ठेवली आहे, कारण बाकीच्या बाजूंनी ट्रॅक्टर उभे आहेत. हरियाणातल्या मंडी डबवाली इथं २३ डिसेंबर १९९५ ला एका शाळेचं स्नेहसंमेलन अशाच कृत्रिम कापडाच्या मांडवाखाली चाललं होतं. दुपारी पावणेदोनच्या सुमारास आग लागली. मांडवाचं कापड वितळून खाली बसलेल्या मुलांवर पडू लागलं, बाहेर पडायची वाट एकच. काही मिनिटांत खेळ संपला. ४४२ माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त मुलं. मुलांचा कार्यक्रम बघायला आईबाप नटूनथटून आले होते, आपले इथले येतात तसेच.

संध्याकाळी ७ (२ तास ४० मिनिटं)

गावची होळी पेटते. बायका तांब्यानं पाण्याची धार सोडत प्रदक्षिणा घालतात. स्टेजमागे दादांनी दुपारी भरून ठेवलेल्या दोन बादल्या कुणीतरी याच कामाला उचलून नेतं. त्या रिकाम्या परत येतात, किंवा येतच नाहीत.

याच रात्री इथून उत्तरेला, सातपुड्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीला राजवाडी होळीसाठी हजारो माणसं जमतात. ही परंपरा इ.स. १२४६ पासूनची मानतात. रात्रभर नाच आणि होळी पेटते पहाटे. नवस केलेले बुध्या आणि बावा तिथे नाचतात. त्यांची तयारी बघण्यासारखी असते: डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरं, उघड्या अंगावर राखेची आणि रंगाची नक्षी, कमरेखाली जेमतेम वस्त्र. नवसाचे दिवस ते पलंगावर झोपत नाहीत, पायात काही घालत नाहीत, स्वतःचा साज स्वतः करतात. मोरपीस आणि बांबूही पेटतातच. पण रात्रभर आगीभोवती वावरणाऱ्या त्या माणसांच्या अंगावर लोंबणारं, वितळणारं, चिकटणारं जवळजवळ काही नसतं. असं का, याचं कारण त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी त्यांच्या तोंडी घालणारही नाही. मात्र वेशभूषा करणाऱ्या प्रत्येकानं तो साज एकदा या नजरेनं पाहावा.

रात्री ८.२० (१ तास २० मिनिटं)

वीज जाते. वारा सुटला आहे, कुठेतरी तारा एकमेकींना लागल्या असतील. माईकसाठी बॅटरीची सोय आहे. चार दिवे तीवर कसेबसे चालतील, पंखा चालणार नाही. म्हणजे होळी नाही. पाचशे माणूस खाली बसलंय, लोक पाहुण्यांना घेऊन आलेत.

कुणीतरी परात आणतं. कुणीतरी काकडे वळतं. ट्रॅक्टरच्या टाकीतून डिझेल निघतं. मोळीमागे परात ठेवायची, त्यात चार काकडे, ज्वाळा मोळीच्या वर दिसतील, होलिका दोन हात अलीकडे बसेल. दादा नको म्हणतात, मग पाच-सहा जण एकदम बोलू लागतात, मग ते गप्प बसतात.

शिवणाऱ्या बायकांना कुणी विचारत नाही. त्या तेव्हा पडद्यामागे हिरण्यकशिपूच्या मुकुटाला दोरा बांधत आहेत. शेला कशाचा आहे हे गावात फक्त त्यांना ठाऊक आहे आणि स्टेजवर खरी आग येणार आहे हे फक्त त्यांना ठाऊक नाही. मला या सगळ्या क्रमात हाच क्षण सर्वांत जास्त सलतो. आपल्याकडे कपडेपट हा खालच्या मानाचा विभाग समजतात. शिवून द्या आणि बाजूला व्हा.

रात्री ९.२५ (१५ मिनिटं)

पहिला अंक रंगला आहे. होलिकेला चोळी चढवतात. पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत दुहेरी दोऱ्याचे टाके, मग कमरेला घागरा चोळीला टाचतात. पोरगा म्हणतो, आवळतंय. बाई म्हणते, दहा मिनिटांचं तर काम आहे बाळा. शेला खांद्यावर पिनेनं अडकवतात, एका नव्हे, दोन पिना, उडताना पूर्ण निसटू नये म्हणून.

रात्री ९.४०

पंखा नाही, पण वारा आहे. शेला उठतो, प्रल्हादाकडे न जाता मागे जातो. डावं टोक परातीवरून जातं.

प्रेक्षक टाळ्या वाजवतात. त्यांना वाटतं हे नाटकात आहे. पहिले दोन-तीन सेकंद पोरगाही संवाद म्हणत राहतो. मग आग खांद्यापर्यंत आलेली असते. तो मांडीवरच्या लहानग्याला दोन्ही हातांनी स्टेजखाली ढकलतो आणि उभा राहतो. उभं राहायला नको होतं, आग वर चढते. पण हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तो पाठीशी हात नेतो. पाठीला टाके आहेत. हूक असते तर ओढून तुटले असते.

बादली शोधतात, नाही. कात्री पेटीत आहे, पेटी अंधारात. शेवटी एक म्हातारा खांद्यावरची घोंगडी त्याच्यावर टाकून त्याला जमिनीवर पाडतो आणि लोळवतो. लोकर सहजासहजी पेटत नाही. आग विझते. सगळं मिळून एक मिनिटही झालेलं नसतं.

रात्री ९.४१ आणि पुढे

पाठ, डावा खांदा, दोन्ही पंजे. कुणी टूथपेस्ट आणतं, कुणी हळद, कुणी पाठीला चिकटलेलं सॅटिन सोलून काढायला लागतं. या तिन्ही गोष्टी चूक आहेत. अशा वेळी भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं वाहतं गार पाणी सोडायचं, बर्फ लावायचा नाही. बांगड्या, अंगठ्या, पैंजण सूज यायच्या आत काढायचे. चिकटलेलं कापड तसंच ठेवून भोवतीचं कापून घ्यायचं, वरून स्वच्छ कोरडी सुती चादर टाकायची आणि १०८ ला फोन लावायचा. पोरगा जगेल. पण त्वचारोपण होईल, ऊसतोडीचे दोन हंगाम जातील, डावा हात पूर्वीसारखा वर जाणार नाही.

रचलेली रात्र इथे संपते. ती खरी होऊ नये म्हणून करायच्या गोष्टी स्वस्त आहेत. ज्योतीजवळ येणाऱ्या पात्राला सुती किंवा लोकरीचं वस्त्र, अंगासरशी, लोंबत्या बाह्यांशिवाय. सुती कापडाला एक जुना, घरी करण्यासारखा उपायही आहे: दोन लिटर गरम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम टाकणखार आणि ८५ ग्रॅम बोरिक पावडर विरघळवायची, शिवलेला कपडा त्यात भिजवून, हलकं पिळून, सावलीत वाळवायचा. पावडर पोरांच्या हाती लागू देऊ नका. कापडाची एक पट्टी चिमट्यात धरून उघड्यावर पेटवून बघा. ज्योत बाजूला नेली की ती विझायला हवी. कपडा धुतला की परत भिजवावा लागतो. सॅटिन आणि नेटला हे द्रावण उपयोगी पडत नाही, तिथे खऱ्या आगीपासून लांब राहणं हाच उपाय. पाठीला हूक मिळाले नाहीत तर नाडी बांधा, सरकगाठीची. विंगेत एक घोंगडी, एक कात्री आणि एका माणसाच्या ताब्यातल्या दोन भरल्या बादल्या ठेवा. त्या माणसानं प्रयोगभर दुसरं काही करायचं नाही. वीज गेली तर आगीचा प्रसंग शब्दांत सांगा. सूत्रधार त्यासाठीच असतो, आणि प्रल्हादाची गोष्ट गावाला पाठ आहे.

यंदा होळीला, रामनवमीला किंवा नवरात्रात तुमच्या गावात सोंगांचे कपडे शिवायला बसणार असाल, तर गोणी उघडायच्या आधी दिग्दर्शकाला गाठा आणि सगळ्यांसमोर विचारा, स्टेजवर खरी ज्योत येणार आहे का, आणि वीज गेली तरी येणार नाही ना? याचं स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत कापडाला कात्री लावू नका.